सेकंडहँड गाडी घेताना मालकी आणि कर्जाचा बोजा नक्की कसा तपासायचा?

पाऊलवाट
नमस्कार मंडळी. एक सेकंडहँड हॅचबॅक बघून ठेवली आहे, थेट मालकाकडून, मध्ये डीलर नाही. गाडी आवडली, मेकॅनिकने पण बघून ओके दिलंय. अडचण एवढीच की आरसीच्या स्मार्ट कार्डवर अजून एका बँकेचं नाव आहे. मालक म्हणतात लोन कधीच फिटलं, फक्त एचपी (आरसीवरची बँकेच्या कर्जाची नोंद) उतरवायची राहिलीये, तुम्ही पेमेंट करा, मी महिन्याभरात बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणून देतो. माणूस सज्जन वाटतो, घाई वगैरे काही करत नाहीये, उलट चहा पाजून दोन तास गाडीची माहिती सांगत बसला होता. पण रक्कम आमच्यासाठी मोठी आहे आणि घरात पहिलीच गाडी.

तर गाडी खरंच त्यांची आहे का, तिच्यावर कुणाचे पैसे बाकी आहेत का, हे कुठे कुठे बघायचं? आणि मुख्य म्हणजे पैसे कोणत्या टप्प्याला द्यायचे?

टॉपगिअर
एमपरिवहन ॲप टाका, गाडीचा नंबर टाका, सगळं दिसतं. इन्शुरन्स, पीयूसी, फिटनेस, हायपोथिकेशन (म्हणजे तीच एचपी). पाच मिनिटांचं काम आहे, कशाला डोक्याला ताप.

नवखा_ड्रायव्हर
ॲपमध्ये मालकाचं नाव अर्धं चांदण्या चांदण्या दिसतं ना पण? मग मालक तोच हे कसं कळणार?

टॉपगिअर
आरसीवरचं नाव आणि चांदण्यांमधून उरलेली अक्षरं जुळतात का बघायचं. आणि समोरच्याला त्याच्याच फोनवर त्याच्या ॲपमध्ये किंवा डिजिलॉकरमध्ये आरसी उघडून दाखवायला सांगायचं, तिथे पूर्ण नाव येतं. फोटो किंवा पीडीएफ चालवून घ्यायचा नाही, तुमच्यासमोर उघडायला लावायचं.

हिशेबी
मी बरीच वर्षं वाहन कर्ज विभागात काढली आहेत, आता निवृत्त. टॉपगिअर म्हणतात ते सुरुवात म्हणून ठीक आहे, पण तेवढ्यावर थांबू नका. कारण ॲप दाखवतं ती आरटीओची नोंद. बँकेचं खातं ही वेगळी गोष्ट. या दोन्हींचा मेळ नेहमी असतोच असं नाही.

लोन फिटलं तरी आरटीओतलं बँकेचं नाव आपोआप निघत नाही (काही बँका आता थेट पोर्टलवर ऑनलाइन कळवतात, पण सगळ्या नाही). बँक एनओसी आणि फॉर्म ३५ च्या प्रती देते, फॉर्म ३५ वर बँक आणि मालक दोघांच्या सह्या लागतात, तो आरटीओत गेला की मग नाव निघतं. बहुतेक लोक ते पाकीट कपाटात ठेवून देतात आणि गाडी विकायची वेळ आली की शोधाशोध. बँका त्या एनओसीवर साधारण तीन महिन्यांची मुदत टाकतात, म्हणजे जुनं पाकीट सापडलं तरी नवीन पत्र आणावं लागतं. त्यामुळे तुमचे मालक खरं बोलत असण्याची शक्यता भरपूर आहे.

पण 'लोन फिटलं' आणि 'एनओसी मिळणार' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात घ्या. गाडीचे सगळे हप्ते वेळेवर भरलेत पण त्याच माणसाचं त्याच बँकेत पर्सनल लोन थकलंय, क्रेडिट कार्ड थकलंय, किंवा तो दुसऱ्या कुणाला जामीन आहे आणि ते खातं बुडीत गेलंय, तर बँक गाडीची एनओसी अडवून ठेवते. कर्जाच्या करारातच तसं कलम असतं. मालकाला स्वतःलाही हे कधी कधी ठाऊक नसतं, खिडकीवर आल्यावर कळतं. असे कितीतरी चेहरे मी समोर बघितलेत. म्हणून फक्त 'खाते बंद' असं पत्र बघून समाधान मानू नका, प्रत्यक्ष एनओसी हातात येऊ द्या.

गिअरबॉक्स
माझं स्पष्ट मत, एचपी असलेली गाडी घेऊच नये. बाजारात गाड्यांची कमी आहे का? क्लिअर आरसी असेल तरच बघायला जायचं, नाहीतर फोनवरच नमस्कार.

बोनेट_उघडा
गिअरबॉक्स, हे जरा टोकाचं होतंय. निम्म्याहून जास्त गाड्या लोकं लोनवरच घेतात, चार-पाच वर्षांच्या चांगल्या सांभाळलेल्या गाड्या बघायच्या तर त्यातल्या बऱ्याच एचपीवाल्याच निघणार. प्रश्न एचपी असण्याचा नाही, समोरचा लपवतोय का याचा आहे.

गिअरबॉक्स
लपवत नसला तरी वेळ जातो, चकरा होतात. पण ठीक आहे, ज्याला वेळ आहे त्याने करावं.

वकिलीण
हे कर्जाचं प्रकरण सातबाऱ्यावरच्या बोज्यासारखं आहे. जमीन कुणीही कसो, इतर हक्कांत सोसायटीचं नाव असेल तर ते आधी बघावं लागतं. गाडीच्या बाबतीत मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५१. आरसीवर फायनान्सरची नोंद असेल तर त्याच्या लेखी संमतीशिवाय मालकी बदलाची नोंद होत नाही. तुम्ही स्टँपपेपरवर करार करा, नोटरी करा, दोन साक्षीदार उभे करा, त्याने आरटीओची नोंद बदलत नाही. आणि हप्ते थकले तर फायनान्सर गाडी ताब्यात घेऊ शकतो, तेव्हा ती कुणाच्या दारात उभी आहे याने फरक पडत नाही. तुमच्या हातात उरतो विकणाऱ्याविरुद्धचा दावा, आणि तो माणूस सापडला तर.

मुळात वस्तू विक्री कायदा १९३० चं तत्त्वच असं आहे की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. 'मला माहीत नव्हतं' हे फार ठिकाणी कामाला येत नाही, विशेषतः आरसीवर बँकेचं नाव छापलेलं असताना.

सायलेन्सर
वकीलताई, उलटा प्रश्न. मी माझी जुनी गाडी एकाला विकली, डिलिव्हरी नोट आहे, पैसे मिळाले, पण त्याने अजून नावावर करून घेतली नाही. चलनं मला येतायत. माझी जबाबदारी किती?

वकिलीण
चलनं हा त्यातला लहान भाग. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात अगदी हाच मुद्दा निकालात काढलाय. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी विकत गेली होती, नोंद मात्र पहिल्याच्याच नावावर. अपघात झाला, भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर आली. गाडी त्याच्या ताब्यात नव्हती हे मान्य असूनही.

कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. तुम्ही आजच फॉर्म २९ ची (विक्री झाल्याची आरटीओला द्यायची सूचना) स्थिती बघा, भरला नसेल तर भरा, आणि घेणाऱ्याला लेखी नोटीस पाठवा. हे पुढे ढकलू नका, मनापासून सांगते.

सायलेन्सर
बापरे. उद्याच जातो. धन्यवाद ताई.

किल्लीवाला
सगळे कागदावर बोलतायत, मी गाडीवर बोलतो. चेसिस नंबर स्वतःच्या डोळ्यांनी बघा. गाडीगाडीप्रमाणे जागा वेगळी, कुठे बोनेट उघडल्यावर मागच्या पत्र्यावर, कुठे ड्रायव्हरच्या किंवा शेजारच्या सीटजवळ कार्पेट उचलल्यावर. १७ अक्षरं-आकडे असतात. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, कारण एक आणि शून्याशी घोळ होतो. कुठल्या कागदावर ओ दिसला तर तो शून्य असायला हवा, नाहीतर थांबा.

आता बघायचं कसं. फडक्याने जागा पुसायची, टॉर्च सरळ न मारता आडवा धरायचा म्हणजे पत्र्यावर उजेड तिरका पडतो आणि खोदलेल्या आकड्यांची सावली दिसते. सगळ्या अक्षरांची खोली सारखी हवी, ओळ सरळ हवी. आजूबाजूला ग्राइंडर मारल्यासारखे ओरखडे, जाड पुट्टी, नाहीतर तेवढ्याच भागाला नवा रंग दिसला तर त्या गाडीकडे परत बघू नका. मग चिकटपट्टी किंवा पातळ कागद ठेवून वर पेन्सिल घासायची, नंबर उमटतो. आरटीओच्या फॉर्मवर हीच पेन्सिल प्रिंट लावतात. तो कागद आरसीशेजारी ठेवून एकेक अक्षर मोठ्याने वाचायचं, एकाने आरसी वाचायची दुसऱ्याने प्रिंट. इंजिन नंबर पण तसाच. इंजिन बदललं असेल तर आरसीवर नवा नंबर चढलेला हवा.

नंबर प्लेट कुणीही बनवून लावतो, पत्र्यात खोदलेला नंबर बदलायला मेहनत लागते आणि मेहनतीची खूण राहते.

अनाहत
किल्लीवाले दादा, प्रतिसाद सेव्ह करून ठेवला. 🙏

नवखा_ड्रायव्हर
आणि गाडी चोरीची आहे का ते?

किल्लीवाला
एनसीआरबीची (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) 'वाहन समन्वय' म्हणून सोय आहे, ऑनलाइन. नंबर, चेसिस, इंजिन टाकलं की पोलिसांच्या नोंदीत ती गाडी आहे का कळतं, प्रिंट पण काढता येते. करून ठेवा, फायलीत राहील.

वकिलीण
त्यात एक पुरवणी. गाडी चोरीची नसते, पण एखाद्या गुन्ह्यात किंवा अपघातात जप्त झालेली असते आणि मालकाने कोर्टातून सुपूर्तनाम्यावर (खटला चालू असेपर्यंतचा तात्पुरता ताबा) सोडवून आणलेली असते. अशा गाडीच्या बंधपत्रात साधारणपणे अट असते की खटला संपेपर्यंत विकायची नाही, रूप बदलायचं नाही, बोलावलं की हजर करायची. ताबा मालकाकडे, आरसी मालकाची, फायनान्स शून्य, तरी विकता येत नाही. वाहन पोर्टलवर ब्लॅकलिस्टचा रकाना त्यासाठी बघायचा, आणि मालकाला सरळ विचारून करारात लिहून घ्यायचं की गाडीवर कुठलीही केस प्रलंबित नाही.

तीन_पेडल
माझ्या मेहुण्याची गोष्ट सांगतो. गाडीची आरसी एकदम कोरी, एचपी नाही, ॲपमध्ये पण क्लिअर. एका डीलरने दाखवलेली. मेहुण्याला कोण जाणे काय वाटलं, त्याने इन्शुरन्सची पॉलिसी मागितली, ती पण मागच्या वर्षीची आणि चालू अशा दोन्ही. मागच्या वर्षीच्या पॉलिसीवर एका फायनान्स कंपनीचं नाव आणि चालू पॉलिसीवर काही नाही. म्हणजे वर्षभरात एचपी उतरली. उतरू शकते, लोन फिटलं असेल. पण मूळ मालकाला फोन लावू द्या म्हटल्यावर डीलर टाळाटाळ करायला लागला. शेवटी मेहुण्याने त्या फायनान्स कंपनीच्या शाखेत जाऊन गाडीचा नंबर दिला, तर म्हणे खातं चालू आहे. आरटीओत दिलेला फॉर्म ३५ कुणी दिला ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मेहुणा तिथून उठला तो परत त्या डीलरकडे गेला नाही.

तेव्हा पॉलिसीच्या पहिल्या पानावर हायपोथिकेशनचा रकाना असतो, तो बघाच. एवढ्यासाठी लिहिलं.

हिशेबी
तीन_पेडल, फार मोलाचा मुद्दा. म्हणूनच मी म्हणतो की नुकतीच एचपी उतरलेली गाडी असेल तर बँकेच्या पत्राची प्रत मागा आणि शाखेत जाऊन पडताळा. खात्याचा तपशील शाखा तिसऱ्या माणसाला सांगणार नाही, मेहुण्यांना कुणीतरी सहज सांगितलं असावं. मालकाला सोबत घेऊन जाणं हा सरळ रस्ता. खरा मालक यायला कंटाळेल, पण नाही म्हणणार नाही.

बोनेट_उघडा
डीलरचा विषय निघाला म्हणून. १ एप्रिल २०२३ पासून सेकंडहँड डीलरसाठी केंद्राचे नियम लागू झालेत. डीलरने आरटीओचं अधिकारपत्र घ्यायचं, मालकाने गाडी डीलरला सोपवली की त्याची सूचना पोर्टलवर द्यायची, आणि मग विकली जाईपर्यंत डीलरच मालक धरला जातो. त्यामुळे डीलरकडे गेलात तर पहिला प्रश्न, अधिकारपत्र दाखवा. दुसरा, ही गाडी तुमच्याकडे सोपवल्याची नोंद झाली आहे का. कोऱ्या सही केलेल्या फॉर्म २९-३० चा (मालकी बदलाचे फॉर्म) गठ्ठा दाखवून 'मालकाच्या सह्या आहेत, काळजी नको' म्हणणाऱ्याकडून उठायचं.

घाटवळण
आमच्याकडे वेगळाच पेच. गाडी ज्यांच्या नावावर ते काका वारले, मुलगा विकतोय. मुलगा सख्खा, ओळखीतला. चालेल का?

वकिलीण
आधी गाडी वारसाच्या नावावर होऊ द्या, फॉर्म ३१ त्यासाठीच आहे, मृत्यू दाखला आणि बाकीच्या वारसांची ना हरकत लागते. काकू, बहिणी सगळ्यांची. मगच त्याच्याकडून तुमच्या नावावर. काकांच्या सहीचे कोरे फॉर्म 'घरात होते' म्हणून वापरायचा सल्ला एजंट देईल, अजिबात ऐकू नका. तो सरळसरळ गुन्हा आहे.

अनाहत
अवांतर आहे पण विचारतेच, आमच्या आरसीवर जी बँक आहे ती बँकच राहिली नाही. देना बँक. आता कुणाकडे जायचं?

हिशेबी
देना आणि विजया या दोन्ही १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या. त्यांच्या जवळच्या शाखेत जा, जुना कर्ज खाते क्रमांक न्या. पुढच्या वर्षी याच तारखेला अलाहाबाद बँक इंडियन बँकेत, सिंडिकेट कॅनरा बँकेत गेली, तिथेही तोच मार्ग. वेळ लागतो, कारण जुनी फाइल कुठल्या शाखेत गेली ते शोधावं लागतं, पण पत्र मिळतं. खरी अडचण होते ती बुडालेल्या पतसंस्थेची. तिथे अवसायक (संस्थेचा व्यवहार गुंडाळणारा अधिकारी) नेमलेला असतो, पत्र त्याच्याकडून.

दिल्लीकर_मराठी
स्वस्त म्हणून दिल्लीच्या गाड्या बघणाऱ्यांसाठी: तिथल्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८) आधी हातात हवी, आणि बँकेचा बोजा असेल तर त्यासाठी बँकेची संमती वेगळी. इकडे आणली की रोड टॅक्स पुन्हा भरायचा, नंबर बदलायचा. १२ महिन्यांहून जास्त काळ दुसऱ्या राज्याच्या नंबरवर गाडी ठेवता येत नाही. हे सगळं धरून हिशोब केला की स्वस्ताई बरीच कमी होते.

अनाहत
माझ्या नवऱ्याने हा धागा वाचला आणि म्हणाला, गाडीची टेस्ट ड्राइव्ह राहू दे, आधी मालकाची घेऊया 😀

टॉपगिअर
😂 मी सुरुवातीला पाच मिनिटांचं काम लिहिलं होतं, ते ॲपपुरतं घ्या.

पाऊलवाट
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. अपडेट देतो.

किल्लीवाले दादांनी सांगितलं तसं चेसिस बघितलं, पेन्सिल प्रिंट काढली, अक्षर न् अक्षर जुळलं. एनसीआरबीवर काही नाही. पॉलिसीवर तीच बँक, आरसीवरचीच. दोन जुनी चलनं होती, मालकांनी माझ्यासमोर भरली.

मग हिशेबीकाकांचं ऐकून मालकांना म्हटलं आपण दोघं बँकेत जाऊन येऊ. एका शब्दाने नाही म्हणाले नाहीत. तिथे कळलं की गाडीचं लोन खरंच फिटलंय, स्टेटमेंटवर बाकी शून्य. पण एनओसी देता येणार नाही म्हणाले, कारण ते भावाच्या धंद्याच्या कर्जाला जामीन आहेत आणि त्या खात्याचे हप्ते थकलेत. मालकांचा चेहरा उतरला हो. त्यांना भावाने सांगितलंच नव्हतं. परत येताना गाडीत कुणी काही बोललं नाही.

आता ते म्हणतात भावाशी बोलून थकलेले हप्ते नियमित करून घेतो, थोडा वेळ द्या. गाडी मला हवीच आहे आणि माणूसही खरा निघाला. पण थांबायचं कसं? टोकन मागतायत, दुसऱ्याला देऊ नये म्हणून. द्यावं का?

गिअरबॉक्स
मी आधी नमस्कार करून निघा म्हटलं होतं. इतका सरळ माणूस असेल तर थांबायला हरकत नाही. पण रक्कम छोटी.

हिशेबी
वाईट वाटलं वाचून, पण वेळेवर कळलं हे फार बरं झालं, त्यांच्यासाठीही. आता क्रम असा ठेवा. भावाचं खातं नियमित झालं की बँक एनओसी द्यायची की नाही ते ठरवेल, कधी कधी जामिनाचं खातं पूर्ण बंद होईपर्यंत देत नाहीत, म्हणून मॅनेजरकडून लेखी विचारून घ्या की नेमकं काय केल्यावर देणार. एनओसी आणि फॉर्म ३५ आले की आरटीओत एचपी उतरवण्याचा आणि तुमच्या नावावर करण्याचा अर्ज एकत्र टाकता येतो. मोठी रक्कम तेव्हा द्या, खात्यातून खात्यात, रोख नाही. थोडी रक्कम पोर्टलवर तुमचं नाव चढेपर्यंत मागे ठेवा. मालक हे समजून घेतील असं वाटतं.

आणि इतर कुणाचं लोन चालू असेल त्यांच्यासाठी: बँकेकडून फोरक्लोजरची (मुदतीआधी कर्ज पूर्ण फेडण्याची) रक्कम लेखी घ्यायची आणि ती थेट कर्ज खात्यात भरायची, विकणाऱ्याच्या हातात नाही. उरलेली फक्त त्याला.

वकिलीण
टोकन द्या, पण पावतीवर चार गोष्टी लिहून घ्या. गाडीचा नंबर आणि चेसिस नंबर, ठरलेली एकूण किंमत, अमुक तारखेपर्यंत बँकेची एनओसी मिळाली नाही तर टोकन पूर्ण परत, आणि तोपर्यंत गाडी दुसऱ्या कुणाला विकायची नाही की तिच्यावर नवं कर्ज काढायचं नाही. दोघांच्या सह्या. ताबा आत्ता घेऊ नका, ते प्रेमाने 'वापरायला न्या' म्हणाले तरी. नोंद त्यांच्या नावावर असताना तुमच्या हातून काही झालं तर भरपाईचा दावा त्यांच्या गळ्यात येईल.

पाऊलवाट
खरंच म्हणाले होते वापरायला न्या. नाही सांगतो. पावती उद्या करतो, मसुदा इथे टाकला तर बघाल का ताई?

वकिलीण
टाका, नाव-नंबर झाकून. रात्री बघते.

किल्लीवाला
आणि इन्शुरन्स विसरू नका, नावावर झाल्यावर १४ दिवसांच्या आत पॉलिसी पण तुमच्या नावावर करायला टाका. थर्ड पार्टी गाडीबरोबर येतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम जुन्या नावावर अडकतो. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट) त्यांचा त्यांच्याकडे राहील, त्यामुळे थोडा फरक भरावा लागेल. जुना फास्टॅग त्यांना बंद करायला सांगा.